लुचाई, स्लायगो आणि आमची पणजी

नारायण धारपांची पुस्तकं आमच्या गल्लीतल्या वाचनालयात कपाटात कधी सापडायचीच नाहीत. एक परत आलं की ते काउंटरखाली जायचं आणि तिथून थेट नंबर लावून बसलेल्याच्या हातात. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर निळ्या शाईचा आकडा, पहिलं पान हमखास गायब, कोपरे बोटांच्या तेलानं काळे पडलेले. एका प्रतीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘रात्री वाचू नये.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘वाचले. काही होत नाही.’ आणि त्याखाली तिसऱ्याच हातानं, ‘आज बघतो.’ पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

मी धारपांचा भक्त झालो तो समर्थांच्या कथांमुळे. घरात काहीतरी शिरलेलं असतं, माणसं वाळत चाललेली असतात, डॉक्टर होऊन जातात, देवऋषी होऊन जातात, आणि मग समर्थ येतात. सांगणारे बहुतेक वेळा अप्पा जोशी. त्या वयातही मला एवढं कळत होतं की अप्पा सांगताहेत म्हणजे अप्पा वाचलेत. भीती वाटायची, पण परतीचं तिकीट खिशात ठेवून वाटायची. धारपांची भाषाही तशीच होती, सरळ, बिनफुलोऱ्याची, पोस्टातल्या माणसानं पत्ता समजावून सांगावा तशी. त्यांना ‘रहस्य-भयकथावाले’ म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षकांनी त्या साधेपणामागची मेहनत कधी पाहिली नाही, असं माझं अजूनही ठाम मत आहे.

मग ‘लुचाई’ हातात आली. कथा सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांचा घात होईल. फक्त एवढंच की तिच्यात परतीच्या तिकिटाची खात्री वाटेना. तिथलं संकट एका घराला, एका माणसाला धरून बसत नव्हतं. आज हा, उद्या त्याचा भाऊ, परवा शेजारीण. ज्याला बाधा झाली तोच पुढच्याची बाधा होत होता. आमच्या घरच्या भुतांपैकी एकाचंही असं वागणं मी ऐकलं नव्हतं. आणि घरची भुतं मला चांगली माहीत होती.

आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, शिरोडा-आरवलीच्या पट्ट्यातलं. वडिलांचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. गिरगावातल्या चाळीनं जुळवून आणलेली ही सोयरीक, त्यामुळे मे महिना आजोळी आणि दिवाळी गावाला अशी आमची वाटणी असे. भुतांचीही तशीच.

आजोळच्या आजीकडे सगळ्यांची बारीकसारीक माहिती असायची. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुलगा. त्याचा मुक्काम पिंपळावर, खोडकर, पण जीव घेणारा नाही. समंधाचा जीव पुरलेल्या धनात नाहीतर वाटणी न झालेल्या जमिनीत अडकलेला. बाळंतपणात गेलेली असेल तर तिची गोष्ट वेगळी. खवीस निराळा, देवचार निराळा. देवचाराला नारळ आणि विडी ठेवली की तो उलट राखणच करतो. चकवा तर धरतही नाही, नुसता रात्रभर एकाच बांधावरून फिरवतो. प्रत्येकाला ठिकाण होतं आणि प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं होतं. ते पुरवलं की तो सुटायचा. रात्री कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा नियम आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. माणूस तीनदा हाक मारतो. ‘ते’ एकदाच मारतं. तिसरी आली की मग बोलायचं.

आणि या सगळ्यांवर वचक ठेवणारा वेतोबा होताच. आरवलीला त्याचं देऊळ आहे, मूर्ती पुरुषभर उंचीहून मोठी. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या चपला आणतात, परातीएवढ्या. त्या देवासमोर मांडलेल्या असतात आणि झिजतात. वेतोबा रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरतो म्हणून झिजतात, असं आजी सांगायची. मी एकदा वाकून टाच बघितली होती. चामडं खरंच एका बाजूनं घासलेलं दिसलं. ‘‘भियातंस कित्याक? तो आसा मरे,’’ एवढं म्हणून आजी कुशीवर वळायची. गोव्यात आमोण्याला, लोलयेलाही बेताळ असाच गावचा राखणदार आहे. त्याची भीती वाटावी असं त्यात काही नाही, अंधारातून जाताना त्याचं नाव घ्यायचं.

तर प्रश्न असा होता की ‘लुचाई’तलं हे रक्तपिपासू प्रकरण आमच्या आज्यांच्या यादीत का नाही? एक उत्तर सोपं आहे. आपण देह जाळतो. रात्री उठून बसायला शरीरच उरत नाही, तर दात कुठले आणि रक्त कुठलं? आपलं भूत म्हणजे नुसती इच्छा. फार तर ते दुसऱ्याच्या अंगात शिरतं. व्हॅम्पायरला पुरलेलं प्रेत लागतं, पेटी लागते, माती लागते. पण हे उत्तर मला पुरं पडेना, कारण ‘लुचाई’ वाचताना घाबरलो होतो तो मीच होतो, आणि माझ्यासारखीच जाळणाऱ्यांच्या घरातली पोरं काउंटरसमोर नंबर लावून उभी होती. मग ती भीती आत शिरली कुठून?

त्यासाठी मागे जावं लागतं, सांगणाऱ्यामागचा सांगणारा शोधत. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. धारपांनी किंगकडून बरंच घेतलं. ‘शपथ’च्या मागे ‘इट’ आहे, ‘आजी’ या कथेच्या मागे किंगची ‘ग्रामा’. आणि ती ‘आजी’ राही अनिल बर्वे यांनी वाचण्याआधी ऐकली, नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून; तिथून २०१८चा ‘तुंबाड’ निघाला. उसनवारीवरून धारपांना नावं ठेवणारे आहेत. मला तो आरोप खरा वाटतो आणि तरीही त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण भुताची गोष्ट मुळात कुणाच्या मालकीची नसतेच. खुद्द किंग तेव्हा मेन राज्यात शाळामास्तर होता आणि वर्गात ‘ड्रॅक्युला’ शिकवत होता. आजच्या अमेरिकेत ड्रॅक्युला आला तर काय होईल, असा विषय घरात निघाला. न्यूयॉर्कात आला तर टॅक्सीखाली सापडेल. पण एखाद्या आडगावात आला तर? या एका ‘तर’वर कादंबरी उभी राहिली.

आणि ‘ड्रॅक्युला’? तो लंडनमध्ये २६ मे १८९७ रोजी प्रसिद्ध झाला. लेखक ब्रॅम स्टोकर, डब्लिनचा, पूर्वाश्रमीचा सरकारी कारकून. याचं पहिलं मोठं पुस्तक आयर्लंडच्या तालुका पातळीवरच्या न्यायालयांत कारकुनांनी कामं कशी करावीत याबद्दलचं आहे, १८७९चं. ‘ड्रॅक्युला’ वाचताना ते आठवतं. सगळी कादंबरी म्हणजे एक फाइल आहे: डायऱ्या, तारा, वर्तमानपत्राची कात्रणं, जहाजाची नोंदवही, तारीखवार लावलेली. भूत आलं तर कारकून घाबरतो, पण आधी नोंद करतो.

ड्रॅक्युला जिथला म्हणून दाखवला आहे ते कारपेथियन पर्वत स्टोकरनं कधी पाहिले नाहीत. ड्रॅक्युला हे नाव त्याला १८९०च्या उन्हाळ्यात व्हिटबी नावाच्या बंदरगावी, तिथल्या वाचनालयातल्या एका पुस्तकात मिळालं. (तिथल्या पुस्तकांना पहिलं पान असावं.) त्याच किनाऱ्यावर पाच वर्षांपूर्वी दिमित्री नावाचं रशियन जहाज फुटलं होतं, कादंबरीत ते डेमेटर झालं. लंडनच्या नाटकमंडळीत वावरताना तो रिचर्ड बर्टनलाही भेटला होता. बर्टन म्हणजे मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेला, गोव्यावर पुस्तक लिहिलेला, मराठीची परीक्षा दिलेला आणि १८७०मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेणारा इसम. बोलताना बर्टनचा ओठ वर जाई आणि सुळा दिसे, याची आठवण स्टोकरनं पुढे लिहून ठेवली आहे. या भेटीवरून काहीजण वेताळापासून ड्रॅक्युलापर्यंत सरळ रस्ता काढतात. मला तो रस्ता पटत नाही. सुळा बर्टनचा असेल. भीती त्याच्याकडून आलेली नाही. ती घरातून आली, आईकडून.

ब्रॅम जन्मला नोव्हेंबर १८४७मध्ये, आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळातल्या सगळ्यात वाईट वर्षात. सातव्या वर्षापर्यंत तो अंथरुणावरच होता. आजार काय होता ते कुणी धड सांगितलं नाही, आणि पुढे हाच मुलगा कॉलेजात खेळाडू म्हणून गाजला. त्या अंथरुणाशी बसून आई गोष्टी सांगायची. आई शार्लट, माहेरची थॉर्नली, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगो गावची. ती चौदा वर्षांची असताना, १८३२मध्ये, स्लायगोत पटकी आली.

ही पटकी आपल्याच इकडची. १८१७मध्ये बंगालात जेसोरला ती भडकली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात तळ दिलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेत हजारोंनी माणसं मेली. ही फौज निघाली होती पेंढाऱ्यांवर, आणि याच मोहिमेच्या शेवटी पेशवाई बुडाली. पुढच्या वर्षी पटकी दख्खनेत होती. गंगेच्या मुखाकडून निघालेली दुसरी लाट १८३०मध्ये मॉस्कोला, १८३१च्या शेवटी इंग्लंडच्या किनाऱ्यावर आणि १८३२मध्ये आयर्लंडात पोचली. स्लायगोत सहा आठवड्यांत दीड हजारांच्या आसपास माणसं गेली, असं सांगतात.

पटकीत माणूस मेल्यासारखा दिसतो. अंगातलं सगळं पाणी ढाळ-वांत्यांतून निघून जातं, डोळे खोल जातात, कातडी गार आणि निळसर पडते, नाडी बोटाला लागत नाही. शार्लटनं जे सांगितलं, आणि पुढे १८७०च्या दशकात मुलासाठी लिहूनही काढलं, त्यात हेच परतपरत येतं. गावाबाहेर पडलेल्या एका आजारी वाटसरूला लोकांनी खड्डा खणून लांब काठ्यांनी आत ढकललं आणि जिवंत पुरलं. हात लावायची कुणाची छाती नव्हती. एक उंच सार्जंट गेला, पेटी आखूड पडली, पाय मोडून आत बसवायचे ठरवून कुणीतरी हातोडा हाणला आणि पहिल्या घावासरशी सार्जंट हलला. तो पुढे वाचला. एक नवरा इस्पितळात बायकोचं प्रेत शोधायला गेला, ढिगात तिचा लाल रुमाल दिसला, ओढून काढली तर धुगधुगी होती. त्यानं तिला घरी नेलं आणि ती जगली. गाव ओस पडल्यावर चोर घराघरांत शिरायला लागले. शार्लटच्या घराच्या छपरातल्या झरोक्यातून एक हात आत आला, आणि या चौदा वर्षांच्या मुलीनं कुऱ्हाड उचलून तो तोडला. शेवटी थॉर्नली कुटुंब गाव सोडून निघालं, तर पुढच्या गावांनी आत घेतलं नाही; जमाव अंगावर धावून आला. पटकी यांच्याबरोबर येईल म्हणून.

आता ‘ड्रॅक्युला’ उघडून बघावा. पूर्वेकडून एक जहाज येतं, एकेक खलाशी नाहीसा होत गेलेला, कप्तान चाकाला स्वतःला बांधून घेऊन मेलेला. त्या जहाजातून ते किनाऱ्यावर उतरतं. उंदीर त्याचं ऐकतात. ज्याला ते चावतं तो आधी फिकट पडतो, मग मरतो, मग उठतो आणि आपल्याच माणसांकडे येतो. घरात शिरायला त्याला आतल्याचं बोलावणं लागतं. पटकीला तरी दुसरं काय लागतं? पाणी पाजणारा हात घरचाच असतो. ल्यूसी या तरुणीला वाचवायला चार पुरुष आळीपाळीनं आपलं रक्त देतात. (रक्तगट कळले १९०१मध्ये, चौघांचं रक्त बाधलं नाही हे कादंबरीतलं सगळ्यात मोठं आश्चर्य.) स्टोकरच्या टाचणांत एक अमेरिकन कात्रणही होतं: न्यू इंग्लंडमध्ये क्षयानं एकामागून एक माणसं जाणाऱ्या घरांत मेलेल्याचं प्रेत उकरून काळीज जाळायची चाल. १८९२मध्ये एक्झेटर गावी मर्सी ब्राउन नावाच्या पोरीचं असंच झालं. ती राख आजारी भावाला पाण्यातून पाजली. तो दोनेक महिन्यांत गेला. क्षय घरातल्या घरात का फिरतो याचं लोकांना सुचलेलं ते उत्तर होतं. १९२२च्या ‘नोस्फेरातू’ चित्रपटानं तर आडपडदाच ठेवला नाही. त्यातला व्हॅम्पायर उंदीर आणि प्लेग घेऊनच बंदरात उतरतो.

तेव्हा मला वाटतं ते असं: व्हॅम्पायर भूत नव्हेच. ती साथ आहे, माणसाचं तोंड लावून आलेली. म्हणून जाळणाऱ्यांच्या देशातही तिला थारा मिळतो. भूत ज्याचं त्याला; साथ कुणालाच सोडत नाही.

साथीला आपल्याकडे तोंड नव्हतं असं नाही. आपण तिला देवी केली. मरीआई, जरीमरी. सातारा-सोलापूरकडे साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. लाकडी लहानसा गाडा, त्यात साडी-चोळी, हळदकुंकू, नैवेद्य. वाजतगाजत शिवेपर्यंत ओढत न्यायचा आणि शिवेपलीकडे सोडून मागं न बघता परतायचं. पलीकडचं गाव झोपलेलं नसे. ते आपल्या शिवेवरून तोच गाडा पुढे ढकलून द्यायचं. भक्तिभाव होता, ओटी भरलेली होती, आणि हिशेब स्लायगोचाच होता: आमच्याकडे नको, तिकडे जा.

‘ड्रॅक्युला’ लंडनच्या दुकानांत आला त्या वेळी पुण्यात काय चाललं होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जानेवारीत हाफकिननं आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिसला याच प्लेगवर युरोपातल्या सरकारांची परिषद भरली, तो जहाजातून आपल्याकडे येऊ नये म्हणून. पुण्यात रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, माणसं वेगळ्या छावणीत नेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झडल्या. पुस्तक बाहेर पडून महिनाही झाला नव्हता. स्टोकरनं ते काही वर्षं आधीपासून लिहायला घेतलं होतं, तेव्हा पुण्याचं त्यात काही नाही. पण ज्या वर्षी लंडनचा वाचक उंदरांच्या धन्याची गोष्ट वाचून दचकला, त्याच वर्षी आपल्या आज्यांच्या आया उंदीर पडला की बोचकं बांधत होत्या.

हे सगळं मी एका दिवाळीत आत्याआजीला सांगायला बसलो होतो. आत्याआजी म्हणजे वडिलांची आत्या, आजोबांची धाकटी बहीण. माहेरीच राहायची, दातांच्या जागी नुसत्या हिरड्या आणि कान मात्र तिखट. मी तिला ड्रॅक्युलाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, जहाजासकट. ती वाती वळत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘‘त्याला पायजे काय हुतं?’’

‘‘रक्त.’’

‘‘ते झालं. पर कशापायी? जमिनीचं काय राह्यलं हुतं का? लेकराबाळाचं?’’

‘‘काही नाही. फक्त रक्त. आणि अजून माणसं आपल्यासारखी करायची.’’

‘‘आरं, मग त्यो भूत कसला? भुताला इचारलं की सांगतंय काय पायजे ते. ही तर गाठीच्या तापावानी झाली की,’’ असं म्हणून तिनं वातींचं ताट बाजूला सारलं, आणि तिच्या आईची, म्हणजे माझ्या पणजीची, गोष्ट सांगितली. ती घरात सगळ्यांना माहीत होती. मला कुणी सांगितली नव्हती, एवढंच.

आत्याआजीच्या जन्माआधीचं हे. गावात उंदीर पडले तसं गाव बाहेर पडलं. माळावर खोपी घातल्या, कडब्याच्या, दाराला ताटी. रिकाम्या घरांची कौलं उतरवून ठेवली होती, ऊन आत पडावं म्हणून. देशभर या रोगानं पुढल्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्या माळावरच्या खोपींतून रोज एखादी तिरडी निघत होती. पणजी तेव्हा सतरा-अठराची, नुकती नांदायला आलेली. तिच्या जांघेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी ती हालेना, बोलेना. सासऱ्यानं नाकाशी सूत धरलं, ते हललं नाही. खांदेकरी मिळाले दोनच. दिवस मावळताना तिला नदीवर नेलं आणि परतीच्या पावसाची एक सर आली. लाकडं भिजली. दोघांनी विचार केला, सकाळी सुक्या गोवऱ्या आणू, आणि वर एक घोंगडं टाकून ते परत आले. कुणी बसायला हवं होतं. कुणी बसलं नाही.

पावसानं असेल, रात्री तिला जाग आली. तिथून माळापर्यंत ती कशी आली ते तिलाही पुढं सांगता येत नसे. आपल्या खोपीसमोर येऊन तिनं हाक मारली, ‘‘आत्याबाई, ताटी काढा.’’

आत सासू जागी होती, दीर जागा होता, नवरा जागा होता. हाक सगळ्यांनी ऐकली. सासूनं बोट वर केलं: एक. सगळे दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले. दुसरी आलीच नाही. त्या एका हाकेतच तिचा आवाज संपला होता. माणूस तीनदा हाक मारतो, ‘ते’ एकदाच मारतं; तेव्हा आत कुणालाच शंका उरली नाही. सासूनं कंदील विझवला.

पहाटे गुराखी पोरगं आलं तर गुरांच्या दगडी डोणीशी बसून ती ओंजळीनं पाणी पीत होती. पोरगं पळालं नाही, हे त्याचं कौतुक. त्यानं येऊन सांगितलं, ‘‘तुमची सून पाणी पितीया. भूत पाणी पीतंय व्हय?’’ तरी दिवस चांगला वर येईपर्यंत तिला कुणी शिवलं नाही. मग भटजींना बोलावून शास्त्र विचारलं. तिरडीवर चढलेला माणूस परत आला तर त्याला नव्यानं जन्मल्यासारखं करायचं असतं म्हणे. तिला न्हाऊ घातलं, बारसं करून नवं नाव ठेवलं, नवऱ्याशी चार अक्षता टाकून पुन्हा लग्न लावलं. ‘‘दोनदा सासरी आलेली बाई,’’ असं आत्याआजी म्हणाली आणि हसली. पुढं तिला सहा मुलं झाली. ती साठीच्या पलीकडे जगली. आत्याआजीला आठवत होतं की आळीतल्या बायका तिच्या हातचा वाणवसा घ्यायला का-कू करायच्या. आणि पणजी स्वतः कुणाच्याही घरी, अगदी पोटच्या लेकीच्याही, ‘आत ये’ असं आतून कुणी म्हटल्याखेरीज उंबरा ओलांडत नसे. ऊन असो, पाऊस असो, ती ओसरीवर उभी राहायची. सासूवर तिचा राग होता का, असं मी विचारलं. आत्याआजी म्हणाली, ‘‘राग कशाचा? तिनं हाका मोजल्या. मी असते तरी मोजल्या असत्या.’’

मला त्या क्षणी ‘लुचाई’, किंग, स्टोकर आणि शार्लट थॉर्नली अशी सगळी मंडळी आमच्या ओसरीवर येऊन बसल्यासारखी वाटली. शार्लटचं लिहिलेलं शिल्लक आहे, त्यावर चरित्रकारांनी पुस्तकं लिहिली. ‘ड्रॅक्युला’ वाचून तिनं मुलाला शाबासकी कळवली होती, फ्रँकेन्स्टाइननंतर असं काही झालं नाही अशा अर्थाची. आपल्याच गोष्टी आपल्याला परत मिळाल्यात हे तिच्या ध्यानात आलं असेल की नाही कोण जाणे. आत्याआजीनं काही लिहून ठेवलं नाही. ती सहीपुरतं शिकलेली होती.

गावच्या काकांना मी ही गोष्ट विचारली ती आत्याआजी गेल्यानंतर. काका तलाठी म्हणून निवृत्त झालेले. सात-बाऱ्यावर नसेल ते त्यांच्या लेखी घडलेलं नसतं. ‘‘छे,’’ म्हणाले, ‘‘नदीवर बिदीवर कुणी नेली नव्हती तिला. तापात शुद्ध हरपली होती, खोपीबाहेर निजवली होती, वेगळी ठेवायची म्हणून. सकाळी उठून बसली. आत्याला तिखटमीठ लावायची सवय.’’

‘‘आणि बारसं?’’

‘‘लग्नात नाव बदललं असेल. सगळ्यांचंच बदलतं.’’

‘‘ती एक हाक?’’

‘‘मोजायला कोण बसलं होतं?’’

सासू, असं मी म्हणणार होतो. त्याऐवजी विचारलं, ‘‘मग आत बोलावल्याशिवाय ती लेकीच्याही घरात पाऊल टाकत नसे, ते काय?’’

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. ‘‘जुनी माणसं ती, त्यांना रीत होती,’’ म्हणाले. ‘‘तुमच्यासारखी दार ढकलून थेट फ्रिजपर्यंत जाणारी नव्हती. बस आता, चहा होतोय.’’